नसांची गोळी आणि सांध्यांची गोळी एकत्र चालू असेल, तर हे जरूर वाचा

आमच्या दुकानात येणाऱ्या साठीपुढच्या बऱ्याच ग्राहकांच्या हातात दोन चिठ्ठ्या असतात. एक मधुमेहाच्या डॉक्टरांची: तळव्यांची आग होते, पायांना मुंग्या येतात म्हणून लिहिलेलं प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन. दुसरी हाडांच्या डॉक्टरांची: गुडघ्यांसाठी ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक किंवा एटोरिकॉक्सिब. दोघांनीही आपापल्या जागी योग्यच लिहिलेलं असतं, पण एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते. ही औषधं पहिल्यांदा एकत्र येतात ती आमच्या काउंटरवर. म्हणून हे पत्रक काढलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही दोन्ही औषधं एकत्र घ्यायचीच नाहीत, असं मुळीच नाही. कमरेत शीर दबलेली आणि गुडघेही झिजलेले, अशा रुग्णाला डॉक्टर ती विचार करूनच देतात. त्यामुळे हे वाचून कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. प्रीगाबालिन, गाबापेंटिन आणि ड्युलॉक्सेटिन अचानक थांबवलं तर झोप उडते, घाम फुटतो, मळमळतं, जीव घाबरा होतो. ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करत सोडायची असतात.

मूत्रपिंडाकडे लक्ष द्या

आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन यकृतात मोडत नाहीत, ती जवळजवळ जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावलं की औषध अंगात साठत जातं. सांधेदुखीच्या गोळ्या वेदना आणि सूज निर्माण करणारी रसायनं कमी करतात, पण त्याच रसायनांमुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकून राहतो. तरुण, धडधाकट माणसाला चार दिवसांच्या गोळ्यांनी सहसा काही होत नाही. पण सत्तरीचं वय, जुना मधुमेह, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल, आणि त्यात उन्हाळा किंवा जुलाब, तर मूत्रपिंडावर एकदम ताण येतो.

अशा वेळी प्रीगाबालिनचा डोस तोच असतो, पण परिणाम वाढलेला दिसतो. दिवसा गुंगी येते, चालताना तोल जातो, बोलणं जड होतं, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. घरच्यांना वाटतं, वय झालं. मग रात्री लघवीला उठताना पाय सरकतो आणि खुब्याचं हाड मोडतं. आई-वडिलांमध्ये असा बदल दोन-चार दिवसांत दिसू लागला तर तो वयाचा समजू नका. डॉक्टरांना कळवा आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं ते दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्या. मूत्रपिंडाच्या ताकदीप्रमाणे प्रीगाबालिनचा डोस कमी करता येतो. पायांवर सूज येणं हा तर प्रीगाबालिन आणि सांध्यांची गोळी, दोन्हींचा दोष आहे. हृदयाचा त्रास असलेल्यांनी किंवा मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांनी ती अंगावर काढू नये.

ड्युलॉक्सेटिन आणि पोटातला रक्तस्राव

रक्त गोठवणाऱ्या पेशींना आपलं काम करायला सेरोटोनिन लागतं. ड्युलॉक्सेटिनमुळे ते त्यांना कमी मिळतं. दुसरीकडे सांध्यांची गोळी जठराचं अस्तर कमजोर करते. म्हणजे एका गोळीने जखम व्हायची आणि दुसरीने रक्त थांबायला उशीर व्हायचा. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर धोका आणखी वाढतो. ‘मी जेवूनच गोळी घेतो’ असं बरेच जण सांगतात. जेवणाने जळजळ कमी वाटते, पण अस्तराचं नुकसान रक्तातून होतं, ते जेवणाने टळत नाही. पोटातलं ॲसिड कमी करणारी पँटोप्रॅझोलसारखी गोळी जोडायची का, हे डॉक्टरांना विचारा. एटोरिकॉक्सिब पोटाला तुलनेने सौम्य आहे, मात्र रक्तदाबाला आणि हृदयाला नाही.

ॲसिडिटीचं पांढरं किंवा गुलाबी पातळ औषध घेत असाल तर गाबापेंटिन त्यानंतर किमान २ तासांनी घ्या. त्यातल्या ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियममुळे गाबापेंटिन अंगात कमी शोषलं जातं.

ट्रॅमाडॉल

दुखणं फारच वाढलं की ट्रॅमाडॉल लिहिलं जातं. प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिनसोबत ते घेतल्यास गुंगी दाट होते आणि श्वास मंदावू शकतो. दमा, फुप्फुसांचा जुना आजार किंवा जास्त वय असलेल्यांनी विशेष जपावं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. ड्युलॉक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसोबत घेतल्यास फिट येण्याचा आणि सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका असतो: अंग थरथरतं, खूप घाम येतो, ताप चढतो, छाती धडधडते. शिवाय ड्युलॉक्सेटिनमुळे ट्रॅमाडॉलचा वेदनाशामक गुण कमी होतो. ‘उतार पडत नाही’ म्हणून माणूस आणखी एक गोळी घेतो आणि तिथेच घात होतो. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. चिठ्ठीशिवाय आम्ही ते देत नाही, कृपया आग्रह करू नका.

दारू, झोपेची गोळी आणि गुंगी आणणारं सर्दी-खोकल्याचं औषध यांच्यामुळेही झोप अशीच वाढते.

आमवाताच्या रुग्णांसाठी

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. तेही मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून त्याच्या जोडीला स्वतःच्या मनाने पेनकिलर घेऊ नका. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ॲमिट्रिप्टिलिन एकत्र असतील तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, डॉक्टर ईसीजी काढायला सांगतील. स्टेरॉइडने साखर चढते, आणि साखर चढली की तळव्यांची आगही वाढते. ‘गॅरंटीच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वातावरच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा आढळलं आहे. त्या घेत असाल तर लाजू नका, पण आम्हाला किंवा डॉक्टरांना सांगा.

नाव नव्हे, घटक वाचा

दोन कंपन्यांच्या दोन गोळ्यांत तेच ॲसिक्लोफेनॅक असू शकतं. सांधेदुखीच्या आणि तापाच्या, दोन्ही गोळ्यांत पॅरासिटॅमॉल असू शकतं. सगळं मिळून ते दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच जाऊ नये, वृद्ध, अशक्त किंवा यकृताचा आजार असलेल्यांसाठी मर्यादा त्याहून कमी. फक्त गुडघा किंवा बोटं दुखत असतील तर डायक्लोफेनॅकचा जेल लावून चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. लावलेल्या जेलमधलं फार थोडं औषध रक्तात जातं. आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ तपासा. ते कमी झाल्यानेही मुंग्या येतात.

पुढच्या वेळी येताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप, चिठ्ठ्या आणि शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट एका पिशवीत घालून आणा. आमचे फार्मासिस्ट सगळे घटक एका कागदावर लिहून देतील. त्याचे पैसे नाहीत. शंका आली तर तुमच्या परवानगीने डॉक्टरांना फोनही करू. तो कागद प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची उलटी, हाक मारूनही न उघडणारे डोळे, मंद श्वास, फिट, किंवा एकदम कमी झालेली लघवी यांपैकी काहीही दिसलं तर दुकानात येऊ नका, थेट रुग्णालयात जा. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा आणि औषधांची पिशवी सोबत न्या.