ल्युपसमध्ये तोंड सुजलं: अ‍ॅलर्जी की ब्रॅडिकायनिन?

ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असलेल्या माणसाचा ओठ सकाळी टम्म सुजलेला दिसला की घरात पहिला प्रश्न, काल काय खाल्लंस? मग सेट्रिझिन नाहीतर अ‍ॅव्हिलचं इंजेक्शन, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतंही, कारण ती सूज हिस्टामिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाची असते. अंगावर पित्त उठतं, खाज सुटते, सगळं भराभर चढतं आणि दिवस-दोन दिवसांत उतरतं.

दुसरी सूज दिसायला सेम, पण खाज नाही, पित्त नाही. ती हळूहळू काही तासांत चढते, कधी एकच डोळा, कधी ओठ, कधी जीभ, आणि दोन ते पाच दिवस मुक्काम करते, अ‍ॅव्हिल आणि स्टेरॉइड देऊनही ढिम्म हलत नाही. ही ब्रॅडिकायनिनची, म्हणजे रक्तवाहिन्या पाझरायला लावणाऱ्या शरीरातल्याच दुसऱ्या रसायनाची. रक्तातलं सी-१ इनहिबिटर नावाचं प्रोटीन ब्रॅडिकायनिन जास्त बनू देत नाही, पण ल्युपसमध्ये क्वचित शरीर त्याच प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, मग ते कमी पडतं आणि बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. आतडं सुजलं तर पोटात भयानक कळा आणि उलट्या, अपेंडिक्स समजून ऑपरेशन झालेले पेशंटही आहेत. या सुजेचा जन्मजात प्रकार बहुतेक विशीच्या आत दिसतो, हा अँटीबॉडीवाला साधारण चाळिशीनंतर, आणि मागे लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) वगैरे नाही ना हेही बघावं लागतं.

टेस्टमध्ये सी-४ (प्रतिकारशक्तीचं रक्तातलं एक प्रोटीन) कमी येतं, पण खरी गोची इथेच आहे, ल्युपस भडकला की सी-४ तसंही कमी होतं! म्हणून नुसत्या सी-४ वर थांबू नका, सी-१ इनहिबिटरची लेव्हल आणि फंक्शन दोन्ही करायचं का ते डॉक्टरांना नक्की विचारा.

आणि गोळ्यांची पिशवी तपासा. लघवीतून प्रोटीन जातं म्हणून ल्युपसवाल्यांना रामिप्रिल, एनालाप्रिल सर्रास देतात, या गोळ्यांनी ब्रॅडिकायनिनचा नीट निचरा होत नाही, त्यामुळे वर्षभर नीट चाललेल्या गोळीनेही अचानक तोंड सुजू शकतं. तसं झालं तर पुढचा डोस घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन.

आवाज घोगरा झाला, थुंकी गिळता येईना, तर कुठली सूज हा विचार घरी करत बसू नका, थेट कॅज्युअल्टी. शंका असेल तर तिथे अ‍ॅड्रेनालिन देतातच आणि ते बरोबरच आहे, पण ल्युपस आहे आणि अमुक गोळी चालू आहे हे दारातच सांगा, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनने फरक पडला नाही तर इकॅटिबंट (ब्रॅडिकायनिनला अडवणारं इंजेक्शन) किंवा प्लाझ्मा द्यायचा विचार वेळेत होईल.