टाइपरायटरचं पान: पटकथेच्या सॉफ्टवेअरमागचा इतिहास

पटकथा लिहायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, ही चर्चा बहुतेकदा किमतीपासून सुरू होते आणि कीबोर्डच्या शॉर्टकटपाशी संपते. पण ही सगळी सॉफ्टवेअर पडद्यावर जे पान मांडतात, ते त्यांच्यापैकी कुणीच ठरवलेलं नाही. ते पान टाइपरायटरचं आहे, आणि त्यामागची गरज निर्मात्याच्या कचेरीची. कुठलं सॉफ्टवेअर नेमकं काय सोडवायला निघालं होतं, हे कळायचं तर तिथपासून सुरुवात करावी लागते.

मूकपटांच्या अगदी सुरुवातीच्या काळात पटकथा म्हणजे कथेचा त्रोटक गोषवारा असे. बाकीचं सेटवर ठरायचं. १९१०च्या दशकात कॅलिफोर्नियात थॉमस इन्स या निर्मात्यानं आपल्या स्टुडिओत एकाच वेळी अनेक युनिटं कामाला लावली, तेव्हा हे चालेना. दिग्दर्शकाच्या डोक्यात काय आहे, हे खर्च करणाऱ्याला आधी कागदावर हवं होतं. मग प्रत्येक दृश्याला क्रमांक आला, ते आत घडतं की बाहेर हे आलं, स्थळांच्या आणि पात्रांच्या याद्या आल्या. या तपशीलवार संहितेला ‘कंटिन्युइटी स्क्रिप्ट’ म्हणत. आजच्या पटकथेत दर दृश्याच्या डोक्यावर ‘आत/बाहेर, स्थळ, वेळ’ अशी जी ओळ असते, तिचं मूळ इथे आहे. ती वाचकासाठी जन्मली नाही, एकाच सेटवरची दृश्यं एकत्र उरकता यावीत म्हणून जन्मली.

१९२७नंतर बोलपट आले आणि नाटकाच्या संहितेसारखे संवाद या कागदावर येऊन बसले. स्टुडिओंच्या भरभराटीच्या काळात संहितेत कॅमेऱ्याच्या सूचनांची गर्दी असे. स्टुडिओंची पकड सैल झाल्यावर ती ओसरली आणि दृश्याचं सलग वर्णन व संवाद एवढंच लिहायची पद्धत रुळली. पानाचा साचा मात्र तोवर पक्का झाला होता, आणि तो यंत्रानं घडवला होता.

टाइपरायटरच्या पायका मापात एका इंचात दहा अक्षरं बसतात आणि उभ्या इंचात सहा ओळी. कुरियर हा टाइप आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी १९५०च्या दशकाच्या मध्याला तयार केला, आणि १२ पॉइंटचा कुरियर याच मापात चालतो. अक्षर ‘आय’ असो वा ‘डब्ल्यू’, जागा तेवढीच. डावीकडे दीड इंचाचा समास, कारण तिथे भोकं पाडून पितळी खिळ्यांनी पानं बांधायची असतात. वर्णनाची ओळ साधारण सहा इंच रुंद, संवादाचा पट्टा साडेतीन इंचांच्या आसपास, पात्राचं नाव त्याहून आत. टॅबचे खटके एकदा लावले की टंकलेखक ही सगळी अंतरं न बघता गाठू शकत. अशा पानावर पंचावन्नच्या आसपास ओळी बसतात आणि सरासरीनं ते पान पडद्यावर एक मिनिट चालतं.

हे ‘एक पान, एक मिनिट’ म्हणजे ढोबळ अंदाज आहे. दोन ओळींत लिहिलेली लढाई दहा मिनिटं चालू शकते आणि तुटक संवादांचं पान चाळीस सेकंदांत उडून जातं. पण शंभर पानांवर हे कमीजास्त एकमेकांत जिरतं, आणि धंद्याला तेवढं पुरतं. साहाय्यक दिग्दर्शक प्रत्येक पानाचे आठ भाग पाडतो. कुठलं दृश्य तीन अष्टमांश पान, कुठलं एक पान आणि दोन अष्टमांश. या बेरजेवर दिवसाचं काम ठरतं, आणि कामाच्या दिवसांवर खर्च. म्हणून पटकथेत अक्षराचा आकार बदलणं ही सौंदर्याची बाब राहत नाही. समास चोरून चार पानं वाचवणारा लेखक खरं तर वेळापत्रकात खोटं लिहीत असतो.

खरी डोकेदुखी दुरुस्तीची होती. बाराव्या पानावर चार ओळी वाढल्या की पुढची सगळी पानं सरकतात. संवाद पानाच्या तळाशी तुटला तर खाली ‘पुढे चालू’ आणि पुढच्या पानावर वरच्या बाजूला पात्राचं नाव पुन्हा हवं. दृश्याचं शीर्षक तळाशी एकटं पडता कामा नये. आणि चित्रीकरण सुरू झाल्यावर तर पानं सरकूच द्यायची नाहीत, कारण वेशभूषेपासून ध्वनीपर्यंत प्रत्येकाच्या प्रतीत पानाच्या आणि दृश्याच्या क्रमांकांवर खुणा झालेल्या असतात. त्यावर उपाय निघाला तो असा: पानं ‘लॉक’ करायची. बेचाळिसाव्या पानावर मजकूर वाढला तर ‘४२-अ’ असं नवं पान घालायचं. काढलेल्या दृश्याचा क्रमांक तसाच ठेवून पुढे ‘वगळले’ लिहायचं. बदललेल्या ओळीसमोर उजव्या समासात चांदणी. नवी पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर, सहसा पांढऱ्यानंतर निळा, मग गुलाबी, पिवळा, हिरवा. कागद, कात्री आणि टंकलेखकांची बोटं यांवर ही व्यवस्था अनेक वर्षं चालली, आणि व्यवस्था म्हणून ती नामी होती.

घरगुती संगणकांवर वर्डस्टारसारखी मजकूर लिहायची सॉफ्टवेअर, म्हणजे वर्ड प्रोसेसर, आली तेव्हा लेखकांना हायसं वाटलं, पण अर्धंच. खोडणं सोपं झालं, तरी पटकथेची पानं कुठे तोडायची हे त्या सॉफ्टवेअरला कळत नव्हतं. ही जागा भरून काढली स्टीफन ग्रीनफील्ड आणि ख्रिस हंटली यांच्या स्क्रीनप्ले सिस्टिम्स या कंपनीनं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘स्क्रिप्टर’ बाजारात आणलं. लेखकानं नेहमीच्या वर्ड प्रोसेसरमध्ये लिहायचं, फाइल स्क्रिप्टरच्या हवाली करायची आणि ते ती नियमांनुसार मांडून, पानं तोडून परत देई. लिहिणं एकीकडे, मांडणी दुसरीकडे. या कामासाठी दोघांना पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्याच कंपनीनं नंतर ‘मूव्ही मॅजिक स्क्रीनरायटर’ आणलं आणि तिचं नावही बदलून राइट ब्रदर्स झालं.

१९९१मध्ये मॅकिंटॉशसाठी ‘फायनल ड्राफ्ट’ आलं. बेन कॅहन आणि मार्क मॅडनिक यांच्या या सॉफ्टवेअरनं लिहिणं आणि मांडणं एकाच खिडकीत आणलं. पात्राचं नाव लिहून एंटर दाबलं की कर्सर संवादाच्या जागी. टॅब दाबला की दुसरा घटक. नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं की उरलेलं नाव पुढे येतं. टाइपरायटरचे खटकेच ते, फक्त आता त्यांना आपण कुठे आहोत हे कळत होतं. पानं लॉक करणं, रंगांच्या आवृत्त्या, चांदण्या, हे सगळं हळूहळू यात सामावलं. स्पर्धक होते, काही मांडणीत याहून सरस असल्याचं त्यांचे चाहते सांगत. पण प्रॉडक्शनच्या कचेऱ्यांत एकदा हे बसल्यावर लेखकालाही तेच घ्यावं लागलं. समोरच्याकडे तेच असतं, हेच त्याचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य ठरलं.

ही कोंडी थोडी फुटली २००९मध्ये, तीही फायनल ड्राफ्टच्याच हातून. आठव्या आवृत्तीत त्यांनी जुना बंद फाइल-प्रकार सोडून एक्सएमएलवर आधारलेला ‘एफडीएक्स’ आणला. एक्सएमएल म्हणजे उघडून वाचता येणारा मजकूर. त्यामुळे दुसऱ्यांनाही ती फाइल वाचणं आणि लिहिणं जमू लागलं. केंट टेसमन यांचं ‘फेड इन’, एकाच वेळी अनेकांना लिहू देणारं ‘रायटरड्युएट’ आणि इतर अनेक पर्याय टिकले, त्यात या बदलाचा वाटा मोठा आहे. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली या क्षेत्रातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच, आणि जाहिरातींत तिचा उल्लेख क्वचितच दिसतो.

दरम्यान फुकट आणि ऑनलाइन पर्यायांची लाट येऊन गेली. कॅनडातून आलेलं ‘सेल्टेक्स’ हे मोझिलाच्या पायावर उभं असलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांत फार चाललं. नंतर ते वर्गणीच्या ऑनलाइन सेवेत गेलं आणि संगणकावरची आवृत्ती मागे पडली. ‘अडोबी स्टोरी’ जानेवारी २०१९मध्ये बंद झालं, ‘ॲमेझॉन स्टोरीरायटर’ त्याच वर्षाच्या मध्यात. यांनी निदान आपापल्या फाइली उतरवून घ्यायला सवड दिली. ‘स्क्रिप्ट’ नावाच्या ऑनलाइन सेवेच्या लेखकांना २०१५मध्ये तीही मिळाली नाही. सर्व्हरही गेला, बॅकअपही गेला आणि त्यातल्या पटकथाही.

या पार्श्वभूमीवर ‘फाउंटन’कडे पाहावं. २०१२मध्ये पटकथालेखक जॉन ऑगस्ट आणि दिग्दर्शक स्टू मॅशविट्झ यांनी आपापले दोन प्रयत्न एकत्र करून ते मांडलं. फाउंटन हे सॉफ्टवेअर नाही, लिहिण्याचे काही साधे संकेत आहेत. कुठल्याही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. रिकाम्या ओळीनंतर मोठ्या लिपीतलं नाव आलं तर ते पात्र, त्याखालचा मजकूर संवाद. मांडणीचं काम हायलँड, स्लगलाइन, बीट यांसारखी ॲप करतात. म्हणजे स्क्रिप्टरची जुनी कल्पनाच फिरून आली: लिहिणं एकीकडे, मांडणी दुसरीकडे. फरक एवढाच, की मधल्या काळात साध्या टेक्स्टचं टिकाऊपण सगळ्यांना पटलं होतं. ॲप मेलं तरी फाइल उघडते.

रोमन लिपीबाहेर लिहिणाऱ्यांची कथा थोडी निराळी आहे. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांसाठी संगणकावरची सामायिक संकेतपद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१चीच, फायनल ड्राफ्टच्या जन्मवर्षातली. तरी फायनल ड्राफ्टमध्ये युनिकोड आलं ते २०१८च्या अकराव्या आवृत्तीत. तोवर देवनागरीतले लेखक जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांवर किंवा वर्डच्या टेम्प्लेटवर भागवत, नाहीतर संवाद रोमन लिपीत लिहीत. अक्षरं दिसू लागली तरी पानाचं गणित जुळत नाही. जोडाक्षरांची रुंदी एकसारखी नसते, वर-खालच्या मात्रांना ओळीत जास्त उंची लागते, त्यामुळे पंचावन्न ओळींचं पान मोडतं आणि मिनिटाचा हिशेबही. इथे पानं मोजण्यापेक्षा संवाद मोठ्यानं वाचून घड्याळ लावणं जास्त भरवशाचं. शिवाय ज्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, तिथे ‘मोठ्या लिपीतलं नाव म्हणजे पात्र’ हा फाउंटनचा नियम लागूच होत नाही. त्यासाठी नावाआधी ‘@’ आणि दृश्याच्या शीर्षकाआधी टिंब देण्याची सोय आहे. ती ठाऊक नसल्यानं अनेकजण फाउंटन आपल्या भाषेत चालत नाही, असं समजून सोडून देतात.

फाउंटनची खरी मर्यादा वेगळीच आहे. लॉक केलेली पानं, ‘४२-अ’, रंगांच्या आवृत्त्या या गोष्टी त्याच्या मूळ संकेतांत नाहीत. काही ॲपांनी आपापली सोय केली आहे, पण ती दुसरीकडे नेताना गळते. म्हणून आज सर्रास दिसतं ते असं, की पहिले खर्डे लेखक त्याला रुचेल तिथे लिहितो, वाचायला पीडीएफ पाठवतो, आणि चित्रीकरण ठरलं की एफडीएक्स फाइल करून देतो. फाइल देण्याआधी दहा-बारा पानं एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेऊन पाहावीत. त्यांत दोन पात्रांचे एकाच वेळचे संवाद असावेत, कंसातल्या सूचना असाव्यात, एखादं लांबलचक भाषण पानाच्या तळाशी तुटलेलं असावं. पुढे मोठ्या निर्मितीत ती फाइल स्क्रिप्ट कोऑर्डिनेटरच्या ताब्यात जाते. पानं लॉक करणारा तो, रंग ठरवणारा तो, आणि त्यापुढे कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं हे ठरतं त्याच्या टेबलावर.