आमिषाबाहेरचा गळ : मोठ्या कार्पच्या मासेमारीमागचा इतिहास

मोठा कार्प (आपल्याकडचा ‘सायप्रिनस’ मासा) धरण्याचं आजचं जवळपास सगळं सामान एका उफराट्या कल्पनेवर उभं आहे. गळ आमिषात लपवायचा नाही, तो बाहेर उघडा ठेवायचा. कणकेची गोळी वळून गळाचं टोक दिसणार नाही अशी बसवायला शिकलेल्या माणसाला हा शुद्ध खुळेपणा वाटेल. इंग्लंडमधल्या पट्टीच्या गळवाल्यांनाही तो शेकडो वर्षं सुचला नव्हता. सुचला तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्यानंतर काही वर्षांतच काठी, रीळ, शिसं (दोरीला लावायचं वजन), आमिष असं सगळंच बदलत गेलं.

इंग्लंडचं नाव घ्यायचं कारण असं की कार्प तिथला नव्हेच. डॅन्यूबच्या खोऱ्यातला हा मासा मठांच्या आणि जमीनदारांच्या तळ्यांतून पश्चिमेकडे सरकला. १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या इंग्रजी पुस्तिकेत त्याचा उल्लेख येतो तो ‘चवीला उत्तम, पण इंग्लंडात फार थोडे’ अशा अर्थाने. १६५३ मध्ये मासेमारीवर लिहिणाऱ्या आयझॅक वॉल्टनने त्याला नद्यांची राणी म्हटलं आणि त्याच्या धूर्तपणाची कीर्तीही गायली. दिवसाला चार-सहा तास, असे तीन-चार दिवस नेटाने बसूनही नदीतल्या कार्पने तोंड लावलं नाही असा चांगला गळवाला आपल्याला माहीत आहे, असं तो लिहितो. त्याची आमिषंही वाचण्यासारखी आहेत. सशाचं किंवा मांजराचं मांस बारीक करून पिठात मळायचं, आणि हे मिश्रण वर्षभर टिकवायचं असेल तर त्यात मेण आणि मध घालून, विस्तवापुढे मळून गोळ्या करायच्या. आजच्या बॉइलीचे, म्हणजे उकळून कडक केलेल्या आमिषाच्या गोळीचे, आजोबा-पणजोबा शोधायचे तर इथवर यावं लागतं.

पुढची तीनशे वर्षं फारसं काही घडलं नाही. मोठा कार्प गळाला लागत नाही, लागला तर दोरी तोडतो, आणि तोडली नाही तर तो निव्वळ नशिबाचा भाग, अशी समजूत पक्की होती. १९३० मध्ये अल्बर्ट बकलीने मॅपर्लीच्या तलावात २६ पौंडांचा (सुमारे ११.८ किलो) कार्प धरला आणि हा विक्रम वीसेक वर्षं टिकला.

या कोंडीतून बाहेर पडायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. पहिली म्हणजे मासा. सरे ट्राउट फार्मचे डोनल्ड लेनी हॉलंडमधून झपाट्याने वाढणाऱ्या जातीची कार्पची पिल्लं आणून इंग्लंडभर विकत असत. १९३४ मध्ये त्यांतली ५० पिल्लं हेरफर्डशायरमधल्या रेडमायर नावाच्या तळ्यात सोडली गेली. तळं जेमतेम तीन एकरांचं. आपल्याकडे त्याला कुणी तलावही म्हणणार नाही. पण पाणी सुपीक, वर्दळ शून्य, त्यामुळे मासे मुकाट वाढत राहिले. १९५१च्या शरद ऋतूत बॉब रिचर्ड्सने तिथे ३१ पौंड ४ औंसांचा कार्प धरला आणि गळवाल्यांच्या जगाला रेडमायरचा पत्ता लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे रिचर्ड वॉकर. हा माणूस इंजिनियर होता आणि कार्पकडेही त्याने इंजिनियरच्याच नजरेने पाहिलं. मासा हुशार आहे म्हणून हात जोडण्यापेक्षा सामान कुठे कमी पडतंय ते त्याने तपासलं. त्या काळच्या काठ्या एक तर लहान माशांसाठी लवचीक, नाही तर सामन (सॅल्मन) माशासाठी अवजड असत. वॉकरने बांबूच्या तासलेल्या पट्ट्या चिकटवून दहा फुटांची नवी काठी बनवली, तिची घडण मूठ ते टोक स्वतः ठरवली आणि नाव दिलं ‘मार्क फोर’. (बांबूच्या पट्ट्यांच्या काठ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात बराचसा बांबू कलकत्त्याहून जात असे, नंतर चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली.) कार्प रात्री चरतो हे लक्षात आल्यावर अंधारात दोरी हलली की वाजणारा विजेचा भोंगाही त्याने स्वतःच बनवला. आज तळ्याकाठी ओळीने लुकलुकणारे अलार्म दिसतात, त्यांचा उगम हाच.

१३ सप्टेंबर १९५२च्या पहाटे, अजून अंधार असताना, रेडमायरवर वॉकरच्या गळाला मासा लागला. आमिष होतं साध्या पावाचं, म्हणजे मळलेला पाव आणि पावाची कड. सोबतीला पीटर थॉमस होता. जाळ्यात आलेला कार्प ४४ पौंडांचा भरला, जवळपास २० किलो. बकलीचा जुना विक्रम दोनच वर्षांत १८ पौंडांनी मागे पडला होता. वॉकरने मासा मारला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला फोन गेला आणि त्यांची गाडी येऊन मासा घेऊन गेली. ‘क्लॅरिसा’ या नावाने ओळखली जाणारी ही मादी १९७१ पर्यंत तिथल्या मत्स्यालयात होती. एकोणीस वर्षं लोक काचेला नाक लावून तिला पाहत होते. माझ्या मते वॉकरच्या काठीइतकाच परिणाम या काचेच्या टाकीने केला असावा. एवढा मोठा कार्प असतो आणि तो धरता येतो, याचा पुरावा कुणालाही तिकीट काढून पाहता येत होता.

तरीही वॉकरच्या पद्धतीत एक जुनी समजूत तशीच राहिली होती. माशाला कसलीही शंका येता कामा नये, म्हणून दोरी सैल, शिसं शक्य तितकं हलकं किंवा मुळीच नाही, आणि गळ आमिषात. पाव, उकडलेले छोटे बटाटे, गांडूळ अशा आमिषांवर हे काही वर्षं चाललं. मग मासे शहाणे झाले. धरून परत सोडलेला कार्प पुढच्या वेळी जपून खातो, हे प्रत्येक तळ्यावर दिसू लागलं.

त्यावर पहिलं उत्तर आलं ते आमिषातून. १९७०च्या आसपास केंटमधल्या फ्रेड विल्टन यांनी मांडलं की कार्पला अन्नाचा कस कळतो. सतत कसदार आमिष पाण्यात पडत राहिलं तर तो इतर खाणं सोडून त्याच्याकडे वळतो. त्यांच्या मिश्रणात दुधातली प्रथिनं, म्हणजे केसीन वगैरे, आणि बांधायला अंडी असत. सिद्धांत किती खरा यावर अजून वाद झडतात. मला वाटतं, यशाचा मोठा वाटा कसाइतकाच सातत्याचा होता. रोज एकच खाणं, एकाच जागी, गळाविना मिळत राहिलं की कुठलाही मासा सैलावतो. पण त्यातून निघालेली वस्तू मात्र टिकली. अंड्यात मळलेल्या गोळ्या मिनिट-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकल्या की त्यांना वरून कडक साल येते आणि लहानसहान मासे त्या टोचून संपवू शकत नाहीत. हीच बॉइली. घरी करणाऱ्यांची सर्वांत साधी कृती आजही रवा, सोयाबीनचं पीठ आणि अंडी अशी आहे. वर वास आणि रंग ज्याचा त्याने घालावा. १९८०च्या दशकात तयार बॉइली दुकानात मिळू लागल्या आणि स्वयंपाकघरातला हा उद्योग कारखान्यात गेला.

त्याच सुमारास रेडमायरवर रॉड हचिन्सन उलट्या वाटेने चालला होता. एक मोठा गोळा टाकण्याऐवजी त्याने बारीक दाण्यांचा सडा घातला. मका, भांगेचं बी, डाळी, कडधान्यं. दाणे टिपण्याच्या नादात कार्प बेसावध होतो, हा त्यामागचा विचार. यात एक धोकाही पुढे लक्षात आला. कोरडे दाणे माशाच्या पोटात जाऊन फुगतात, म्हणून ते आधी भिजवून शिजवायलाच हवेत. बऱ्याच तळ्यांवर हा आज नियमच आहे.

आमिष सुधारलं तरी गळवाल्यांचं एक दुखणं जात नव्हतं. दोरी इंच-दोन इंच हलायची, थांबायची, पुन्हा हलायची; ओढून पाहावं तर काहीच नाही. रात्रभर असे झटके मोजत लोक बसत. पाण्याखाली नेमकं काय होतंय ते समजायला कार्पचं तोंड समजून घ्यावं लागतं. त्याच्या जबड्यात दात नसतात. चावण्याचे दात घशात असतात. ओठ नळीसारखे पुढे काढून तो तळावरचा चिखल, खडी, अन्न असं सगळं एकदम आत ओढतो, टाळूपाशी निवडतो आणि नको ते फुंकून बाहेर टाकतो. भातातला खडा आपण जिभेने वेगळा काढतो, तसं. गळ खुपसलेली गोळी मऊ गोळीपेक्षा जड, कडक आणि वेगळ्या चालीने हलणारी. ती घशाकडे जाण्याआधीच बाहेर पडत होती.

लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोन गळवाल्यांनी टाकीतल्या कार्पचं खाणं निरखलं आणि त्यावरून गळापासून आमिष वेगळं केलं. गळाच्या वाकापासून एक अगदी बारीक धागा सोडायचा आणि त्याला आमिष बांधायचं. पहिले प्रयोग खरोखरच माणसाच्या केसावर झाले, म्हणून नाव पडलं ‘हेअर रिग’. आता मासा गोळी ओढतो तेव्हा ती मोकळ्या गोळीसारखीच आत येते, तिच्यामागोमाग उघडा गळही येतो. संशय आला म्हणून त्याने फुंकलं की गोळी बाहेर उडते आणि टोकाला काहीच झाकत नसल्याने गळ खालच्या ओठात रुततो. जी सवय माशाला वाचवत होती तीच त्याला अडकवू लागली. दोघांनी ही गोष्ट सुरुवातीला मोजक्या मित्रांपलीकडे जाऊ दिली नाही. १९८१ मध्ये मॅडॉक्सच्या पुस्तकातून ती छापून आली आणि हा हा म्हणता सगळीकडे पसरली.

रचना बघायला साधी आहे. वीत-दीड वीत लांबीचा मऊ विणलेला धागा घ्यायचा. त्याच्या एका टोकाला छोटा फास. बारीक आकड्याच्या सुईवर बॉइली ओवायची, सुईच्या आकड्यात फास अडकवून गोळीतून ओढून घ्यायचा आणि गोळी निसटू नये म्हणून फासात प्लॅस्टिकची इवलीशी काडी आडवी घालायची. दुसरं टोक गळाच्या डोळ्यातून ओवून दांडीभोवती सात-आठ वेढे द्यायचे आणि पुन्हा डोळ्यातूनच बाहेर काढायचं. गाठ अशी मारायचीच नाही. सगळी गोम गोळी आणि गळाचा वाक यांच्यातल्या अंतरात आहे. फट फार ठेवली तर गळ ओठाबाहेरच राहतो, मुळीच ठेवली नाही तर जुन्या पद्धतीकडे परत गेल्यासारखं होतं.

शिशाचाही हिशेब मग फिरला. गळ रुतल्याचं जाणवताच कार्प उधळतो. त्या क्षणी दोरीवर दोन-तीन औंसांचं शिसं जवळपास पक्कं बसवलेलं असेल तर त्याच्या वजनानेच गळ आणखी आत जातो. माणसाने ओढायची गरजच उरत नाही. ही ‘बोल्ट रिग’. वॉकरच्या काळातलं हलक्या शिशाचं सगळं तत्त्वज्ञान तिने मोडीत काढलं. (१९८७ मध्ये ब्रिटनने हंसांच्या विषबाधेमुळे शिशाच्या छोट्या वजनांवर बंदी आणली, पण एक औंसापेक्षा जड वजनं त्यातून सुटली, त्यामुळे कार्पवाल्यांना तिची झळ लागली नाही.) उधळलेला मासा काठीच ओढून नेऊ लागला तशी रिळं बदलली. खटका दाबला की दोरी मोकळी सुटणारं, शिमानोच्या ‘बेटरनर’सारखं रीळ याच गरजेतून रुळलं. वॉकरच्या भोंग्याची जागा ‘ऑप्टॉनिक’ नावाच्या अलार्मने घेतली. दोरी हलली की त्यातलं चाक फिरतं, प्रकाशाचा झोत तुटतो आणि अलार्म वाजतो.

या धामधुमीत १६ जून १९८० ही तारीख जरा गमतीने उठून दिसते. मासेमारीच्या नव्या हंगामाचा तो पहिलाच दिवस. ख्रिस येट्सने रेडमायरवर ५१ पौंड ८ औंसांचा (सुमारे २३.४ किलो) कार्प धरला, तोही बांबूच्या जुन्या काठीवर, मक्याच्या दाण्यांनी. ना बॉइली, ना हेअर रिग. नव्या सामानाच्या जाहिराती वाचताना मी हे आवर्जून आठवतो. मासा कुठे चरतोय हे ज्याला दिसतं त्याचं सामान थोडं जुनं चालतं. मात्र एरवीच्या माणसाच्या हाती मोठा कार्प दिला तो हेअर रिगनेच, यात वाद नाही.

पण यश वाढलं तसे माशांचे हालही वाढले. पक्क्या शिशाची दोरी तुटली तर मासा ते ओढत फिरतो, कुठे तरी अडकतो आणि मरतो. म्हणून शिसं आपोआप निसटेल अशा क्लिपा आल्या. गळ काढताना मासा जमिनीवर आपटू नये म्हणून ओली गादी आणि वजनासाठी झोळी आली. काही तळ्यांवर बिनकाट्याचा, म्हणजे टोकाजवळ उलटा काटा नसलेला, गळ सक्तीचा झाला. एकच मासा वर्षानुवर्षं धरला-सोडला जाऊ लागला तसं त्याला नाव पडू लागलं. केंटमधल्या कॉनिंगब्रूकचा ‘टू-टोन’ २००८ मध्ये ६७ पौंड १४ औंसांचा, म्हणजे तीस किलोंच्या वर भरला. २०१० मध्ये तो मेला तेव्हा लोकांनी त्याला रीतसर पुरलं.

भारतात हा मासा १९३९ मध्ये उटीला आला आणि १९५७ मध्ये त्याची बँकॉककडची जात कटकला आणली गेली. आपल्याकडच्या धरणांवर आणि मासळी बाजारात तो ‘सायप्रिनस’ या नावानेच ओळखला जातो. त्याच्यासाठी आणि तळाशी चरणाऱ्या मृगलसाठी इंग्लिश हेअर रिग जवळपास जशीच्या तशी चालावी. कटला मात्र वेगळा. तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत, आणि खाणं मुख्यतः वरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव. त्याच्यापुढे तळावर पडलेली कडक बॉइली बिनकामाची. विरघळून पाण्यात ढग सोडणारा मऊ गोळा आणि त्या ढगात सोडलेले गळ, ही आपल्या तलावांवरची जुनी पद्धत त्या तोंडाला जास्त जुळते. परदेशी पाकीट फोडण्याआधी आपल्या पाण्यात कोणता मासा आहे आणि तो कुठल्या थरात खातो, एवढं बघून घ्यावं.