भरलेली खाण आणि बदललेले पाणी

भिवंडी तालुक्यातील पडघा येथे चंद्रपूरहून निघालेली ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वीजवाहिनी येऊन संपते. १,५०० मेगावॉट वीज वाहून आणण्याची तिची क्षमता आहे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर चालणारे चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र आहे. ठाण्यातल्या किंवा ऐरोलीतल्या एखाद्या घरातली वीज नेमक्या कोणत्या खाणीतल्या कोळशाची, हे सांगता येत नाही. तरी त्या कोळशाशी आपला संबंध आहे. म्हणूनच कोळसा काढून खड्डा बुजवल्यावर तिथल्या भूजलाचे काय होते, हा प्रश्न मला इथे राहूनही आपलाच वाटतो.

आपल्याकडे खाण म्हटली की पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणी डोळ्यांसमोर येतात. तो बेसॉल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात पाणी असते ते मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांत. वर्धा खोऱ्यातला कोळसा मात्र पंचवीस कोटींहून अधिक वर्षे जुन्या गोंडवाना खडकांत आहे. तिथे वालुकाश्म, शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) आणि कोळसा यांचे थर एकावर एक आहेत. वालुकाश्माच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी साठते, तर शेलचे घट्ट थर वरच्या जलधर खडकातले पाणी खालच्या खडकात सहजी उतरू देत नाहीत. खुली खाण खोदताना ही सारी मांडणी मोडते. खड्डा पाणीपातळीच्या खाली गेला की रात्रंदिवस पंप चालवावे लागतात आणि आसपासची पाणीपातळी नरसाळ्यासारखी खाणीकडे उतरत जाते. विहिरी आटतात, ते सर्वांना दिसते. पाण्याची गुणवत्ता बिघडते ती बहुतेक वेळा नंतर, उपसा थांबल्यावर.

कोळशावरचा खडक सुरुंगाने फोडून डम्परने हलवला जातो. खाणीत त्याला ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात, बोलताना नुसते ‘ओबी’. कोळसा काढून रिकाम्या झालेल्या भागात हाच ओबी परत टाकतात. भूपृष्ठ सपाट होते, वर माती पसरून झाडे लावली जातात, आणि हे काम नीट झाले तर त्याचे मोल मोठेच आहे. मात्र खाली गेलेला खडक पूर्वीचा राहिलेला नसतो. खडीसाखर पाण्यात सावकाश विरघळते आणि पिठीसाखर लगेच, कारण पिठीला पाण्याचा स्पर्श कितीतरी अधिक पृष्ठभागावर होतो. एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या घनाकृती दगडाचे पृष्ठफळ ६ चौरस मीटर असते. त्याचे एक सेंटिमीटरचे तुकडे केले तर ते ६०० चौरस मीटर होते. शिवाय उंचावरून ओतलेल्या ढिगात मोठे दगड घरंगळत तळाशी जातात आणि बारीक माल वर राहतो. त्यामुळे तळाशी पाण्याला मोकळी वाट मिळते आणि पूर्वी थरांनी अलग ठेवलेली पाणी एकत्र मिसळतात.

या फुटलेल्या खडकात सर्वांत महत्त्वाचे खनिज म्हणजे पायराइट. लोह आणि गंधक यांचे हे सोनेरी खनिज कोळशात आणि त्यालगतच्या शेलमध्ये बारीक कणांच्या रूपात विखुरलेले असते. जमिनीखाली, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे ते कोट्यवधी वर्षे टिकून राहते. उघड्यावर आल्यावर प्राणवायू आणि ओलावा मिळताच त्यापासून गंधकाम्ल आणि विद्राव्य लोह तयार होते. या लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन बनलेले फेरिक लोह प्राणवायूविनाही उरलेल्या पायराइटवर हल्ला करते, म्हणजे क्रिया स्वतःच स्वतःला पुढे ढकलू लागते. आम्लयुक्त पाण्यात हे ऑक्सिडीकरण एरवी फार मंद असते. पण १९४७ मध्ये कोल्मर आणि हिंकल या संशोधकांनी खाणीच्या पाण्यात असे जीवाणू दाखवून दिले, की जे लोहाच्या ऑक्सिडीकरणावरच जगतात. त्यांच्यामुळे या टप्प्याचा वेग दहा लाख पटींपर्यंत वाढू शकतो, हे पुढे मोजले गेले.

मेघालय-आसामच्या कोळशात गंधक जास्त असल्याने तिथे खाणीचे पाणी उघडपणे आम्लयुक्त होते. वर्धा खोऱ्यासारख्या गोंडवाना कोळशात गंधक बहुधा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, आणि खडकातली चुनखडीयुक्त खनिजे आम्ल शमवतात. हे ऐकून हायसे वाटते, पण तेवढ्यावर थांबणे घातक आहे. आम्ल शमते, त्यातून आलेले सल्फेट मात्र पाण्यातच राहते आणि शमवताना कॅल्शियम व मॅग्नेशियमही विरघळतात. पाणी दिसायला नितळ, सामूही (पीएच) सातच्या जवळपास, म्हणजे ना आम्ल ना अल्क. पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात सल्फेटची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ४००. सुरुंगात वापरलेल्या अमोनियम नायट्रेटचा न जळलेला अंश ओबीत राहिला, तर नायट्रेटचीही भर पडते.

उपसा थांबला की पाणी हळूहळू वर चढते आणि कोरड्या भरावात वर्षानुवर्षे साठलेले क्षार पहिल्या फेरीत विरघळवून घेते. पूर्ण बुडालेल्या पायराइटची क्रिया मात्र जवळजवळ थांबते, कारण प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. सर्वांत त्रासदायक ठरतो तो मधला पट्टा, जो पावसाळ्यात बुडतो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. आपल्या मोसमी हवामानात तो दरवर्षी नवे क्षार तयार करतो आणि दरवर्षी धुऊन खाली सोडतो.

उपाय यातूनच सुचतात. पायराइट असलेला शेल खोदतानाच वेगळा ओळखून, पुढे कायम पाण्याखाली राहील अशा खोलीवर टाकावा. वर दाबून बसवलेल्या चिकणमातीचा थर द्यावा. सुपीक माती सुरुवातीपासून निराळी राखावी. वीज केंद्राची राख भरावात घालण्याबाबत मी अधिक सावध आहे. अल्कधर्मी राख आम्ल शमवते हे खरे, पण तिच्यातून बोरॉन, आणि अल्कधर्मी पाण्यात अर्सेनिक व सेलेनियमही झिरपू शकतात. त्यामुळे प्रत्येक ठिकाणची राख आणि प्रत्येक ठिकाणचे पाणी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय ती भूजलपातळीच्या खाली घालू नये.

आणि तपासणी कधीपासून? पहिला सुरुंग लागण्याआधीपासून, कारण मूळ पाणी कसे होते याची नोंद नसेल तर नंतरचा कोणताही आकडा वादात अडकतो. गावच्या विहिरींचे नमुने मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा घ्यावेत, खाण बंद झाल्यावरही पाणीपातळी स्थिरावेपर्यंत घेत राहावेत, आणि प्रयोगशाळेकडून केवळ सामू न मागता सल्फेट, एकूण कठीणपणा, विद्राव्य घन पदार्थ, लोह, मँगनीज आणि नायट्रेट यांचे आकडे मागावेत.