टोचणं कमरेत, दुखणं डोक्यात: लंबर पंक्चरनंतरच्या डोकेदुखीची पार्श्वभूमी

पाठीतून पाणी काढलं की, म्हणजे लंबर पंक्चर झालं की, पेशंटला दोन सूचना हमखास मिळतात: उशी न घेता सपाट पडून राहा आणि भरपूर पाणी प्या. नंतर डोकं दुखू नये म्हणून. या दोन्हींमुळे डोकेदुखी टळते असं चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही, आणि निदान झोपून राहण्याबद्दल तरी हे कळून चाळीस वर्षं उलटली आहेत. ज्याने ती खरोखर कमी होते ते पेशंटच्या हातात नाहीच. ते ठरतं डॉक्टरने ट्रेमधून कोणती सुई उचलली त्यावर.

तपासणी म्हणून लंबर पंक्चर रुजवलं ते जर्मनीतल्या कील इथल्या हाइनरिश क्विंके यांनी, १८९१ मध्ये. त्याच सुमारास लंडनमध्ये वॉल्टर एसेक्स विंटर यांनीही मेंदूज्वराच्या रुग्णांच्या मेंदूवरचा दाब उतरवण्यासाठी कमरेतून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढला होता. पण पद्धत चालली ती क्विंके यांची: पोकळ सुई, तिच्या आत बसणारी बारीक सळई, म्हणजे स्टायलेट, आणि पुढे तिरकं कापलेलं धारदार टोक. या टोकाच्या सुईला आजही क्विंके सुई म्हणतात.

डोकेदुखीचं पहिलं तपशीलवार वर्णन मिळालं ते एका डॉक्टरने ती स्वतः सोसल्यामुळे. कीलमध्येच काम करणारे सर्जन आउगुस्ट बियर यांनी ऑगस्ट १८९८ मध्ये मणक्यातून कोकेन देऊन पायाची शस्त्रक्रिया केली. भूल उत्तम लागली, पण काही रुग्णांना नंतर डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. हे कोकेनमुळे की टोचण्यामुळे, याचा छडा लावायला बियर स्वतःच टेबलावर झोपले. सहायक हिल्डेब्रांट यांनी सुई घातली आणि मग लक्षात आलं की सिरिंज सुईवर नीट बसतच नाही. औषध बाहेर सांडलं, आतला द्रवही बराच वाहून गेला. प्रयोग सोडून देण्याऐवजी हिल्डेब्रांट यांनी आपली पाठ पुढे केली. या वेळी भूल लागली. ती खरंच लागली आहे का हे पाहायला बियर यांनी त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, त्वचेला पेटती सिगार लावली. संध्याकाळी दोघांनी जेवण, वाइन आणि सिगार असा समारंभही केला.

दुसऱ्या दिवसापासून बियर यांचं डोकं धरलं. उभं राहिलं की चक्कर आणि डोकेदुखी, आडवं झालं की सगळं शांत. नऊ दिवस ते अंथरुणात होते. हिल्डेब्रांट यांनाही डोकेदुखी आणि उलट्यांनी गाठलं, वर नडग्या काळ्यानिळ्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे बियर यांना कोकेन जवळजवळ मिळालंच नव्हतं, गेला होता तो फक्त द्रव. आपला त्रास द्रव वाहून गेल्यामुळे झाला असावा, असं त्यांनी तेव्हाच नोंदवलं. म्हणजे पहिल्याच प्रयोगात रोगाचं लक्षणही सापडलं होतं आणि कारणही.

पुढच्या काळात हे कारण पक्कं होत गेलं. १९१८ मध्ये मॅकरॉबर्ट यांनी मांडलं की सुई काढल्यानंतरही ड्युराला, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या जाड आवरणाला, पडलेलं भोक उघडं राहतं आणि द्रव त्यातून बाहेर झिरपत राहतो. मोठ्या माणसाच्या मेंदू-मज्जारज्जूभोवती हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो. शरीर तो दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर नव्याने तयार करतं, त्यामुळे तपासणीसाठी काढलेला थोडासा द्रव लवकर भरून येतो. खरा घात करते ती नंतरची गळती. द्रव कमी झाला की उभ्या स्थितीत मेंदू किंचित खाली ओढला जातो, वेदना जाणवणारी आवरणं आणि रक्तवाहिन्या ताणल्या जातात, शिवाय रिकामी झालेली जागा भरायला शिरा फुगतात. १९४३ मध्ये कंकल, रे आणि वुल्फ यांनी माणसांवर प्रयोग करून हे दाखवलं: द्रव काढला की बसलेल्या माणसाचं डोकं दुखू लागे, आणि तितकं सलाइन आत घातलं की दुखणं थांबे.

कारण गळती असेल तर उपाय भोक लहान ठेवण्यात असणार, हे उघड आहे. तरी प्रतिबंधाचा भार कित्येक दशकं पेशंटच्या पाठीवरच राहिला. झोपून राहिल्याने वेदना थांबतात, म्हणून झोपून राहिल्याने त्या टळतीलही, असा तर्क केला गेला. तो ऐकायला पटतो, पण चुकीचा आहे. आडवं असताना डोकं दुखत नाही एवढंच. भोक तिथेच असतं आणि उठल्यावर हिशेब चुकता होतो. १९८१ मध्ये कार्बाट आणि व्हान क्रेव्हेल या डच डॉक्टरांनी १०० रुग्णांवर तुलना केली: निम्म्यांना २४ तास झोपवून ठेवलं, निम्म्यांना लगेच उठू दिलं. झोपून राहिलेल्यांचं डोकं काही कमी दुखलं नाही. त्यानंतरच्या चाचण्यांचे एकत्रित आढावेही तेच सांगतात. पाण्याचंही तसंच: १९८८ मध्ये दिवसाला दीड लिटर आणि तीन लिटर यांची तुलना झाली, फरक आढळला नाही. तहान लागली तर पाणी जरूर प्यावं, पण औषध म्हणून घसा भरून पिण्यात अर्थ नाही.

सुईकडे बघणारेही होते. १९२६ मध्ये ग्रीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने लिहिलं की ड्युराचे तंतू कापण्याऐवजी बाजूला सारणारी, धार नसलेल्या गोल निमुळत्या टोकाची सुई वापरावी. १९५१ मध्ये हार्ट आणि व्हिटेकर यांनी ती कल्पना नीट घडवली: शिसपेन्सिलीसारखं बंद टोक आणि द्रव येण्यासाठी बाजूला छिद्र. १९८७ मध्ये जर्मनीतल्या श्प्रोटे यांनी बाजूचं छिद्र मोठं केलेली सुई आणली. मधल्या काळात, १९५६ मध्ये, वँडम आणि ड्रिप्स यांनी मणक्यातून भूल देण्याच्या १०,०९८ प्रसंगांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. डोकेदुखीचं प्रमाण सुमारे ११ टक्के होतं, जाड सुईने जास्त, बारीक सुईने कमी, आणि स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट. तरुण वय, सडपातळ बांधा आणि आधीपासूनची डोकेदुखी यांनीही धोका वाढतो, पण वय किंवा बांधा कुणी बदलू शकत नाही. सुई बदलता येते.

ही बोथट टोकाची सुई काम का करते, याचं जुनं उत्तर मात्र पूर्ण बरोबर नव्हतं. ड्युराचे तंतू उभे, एकमेकांना समांतर असतात आणि बोथट सुई त्यांच्यामधून सरकते, असं मानलं जाई. क्विंके सुईची धार शरीराच्या लांबीला समांतर धरायची, म्हणजे तंतू कमी कापले जातील, ही सूचनाही त्यातूनच आली, आणि ती चाचण्यांमध्ये उपयोगी ठरली आहे. पण २००० च्या सुमारास स्पेनमधल्या रेना आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा तंतू वेगवेगळ्या दिशांना गेलेले आढळले. शिवाय ‘अट्रॉमॅटिक’, म्हणजे इजा न करणारी, म्हणवणाऱ्या पेन्सिल-टोकाच्या सुईने पाडलेलं भोक कापणाऱ्या सुईच्या भोकापेक्षा जास्त फाटकं आणि खडबडीत निघालं. कदाचित या खडबडीत कडांमुळेच सूज येऊन भोक लवकर बुजत असावं, असा त्यांचा अंदाज. नाव आणि काम यांची अशी उलटापालट वैद्यकात पहिल्यांदाच झालेली नाही.

स्टायलेटची कथा छोटी आहे, पण माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखी. श्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ६०० रुग्णांमध्ये पाहिलं: सुई काढण्याआधी स्टायलेट परत आत घातली तर ५ टक्के रुग्णांना त्रास झाला, न घालता काढली तर १६.३ टक्क्यांना. द्रवाबरोबर सुईत शिरलेला अरॅक्नॉइडचा, म्हणजे ड्युराच्या आतल्या पातळ आवरणाचा, धागा सुईसोबत ओढला जाऊन भोकात अडकतो आणि भोक उघडं ठेवतो, असं स्पष्टीकरण त्यांनी दिलं. खर्च शून्य, वेळ दोन सेकंद.

भूलतज्ज्ञांनी नवी सुई बऱ्यापैकी लवकर स्वीकारली. तपासणीसाठी लंबर पंक्चर करणाऱ्यांमध्ये मात्र क्विंके सुईच चालू राहिली. सवय हे एक कारण, तयार ट्रेमध्ये तीच सुई येणं हे दुसरं. शिवाय बारीक पेन्सिल-टोकाची सुई कातडीतून सहज जात नाही, तिला आधी एक आखूड मार्गदर्शक सुई लागते, आणि फार बारीक सुईतून द्रव इतका हळू येतो की दाब मोजणं अवघड होतं. म्हणून तपासणीसाठी सहसा २२ गेजच्या आसपास थांबतात (गेजचा आकडा जितका मोठा, सुई तितकी बारीक), तर भुलीसाठी २५ किंवा २७ गेजपर्यंत जाता येतं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ११० चाचण्या आणि ३१,४१२ रुग्णांचा एकत्रित आढावा आला: जुन्या सुईने ११ टक्के, अट्रॉमॅटिक सुईने ४.२ टक्के डोकेदुखी. पहिल्या टोचण्यात यश मिळण्याच्या बाबतीतही नवी सुई मागे नव्हती, म्हणजे ‘हिने जमत नाही’ ही तक्रारही टिकली नाही. त्याच वर्षी ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकाने तिच्या बाजूने ठाम शिफारस छापली.

एवढं करूनही काहींचं डोकं दुखतंच. बहुतेकांचं दोन आठवड्यांत आपोआप थांबतं. ज्यांचं थांबत नाही त्यांच्यासाठी ब्लड पॅच आहे. तोही एका निरीक्षणातून आला: टोचताना रक्त आलेल्या रुग्णांचं डोकं कमी दुखतं असं गॉर्मली या सर्जनना वाटलं, आणि १९६० मध्ये त्यांनी रुग्णाचंच दोन-तीन मिलिलिटर रक्त ड्युराबाहेरच्या जागेत सोडून गळती बुजवली. आज सुमारे २० मिलिलिटर वापरतात. डोकं दुखण्याआधीच, खबरदारी म्हणून, हा पॅच द्यावा का, हा प्रश्न विशेषतः बाळंतपणात एपिड्युरलची, म्हणजे ड्युराबाहेरच्या जागेत भूल देण्याची, जाड सुई चुकून ड्युरातून आरपार गेली की उभा राहतो, कारण तेव्हा निम्म्याहून अधिक बायकांना ही डोकेदुखी होते. त्यावर चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि सरसकट तसा पॅच देण्याची प्रथा अजून पडलेली नाही.