नॉर्मंडीची तारीख आणि कप्प्यांवरची तार

दरवर्षी ६ जून जवळ आला की नॉर्मंडीच्या स्वारीवरचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या त्यावरचे, लेख फिरू लागतात, आणि दोस्तांचा सरसेनापती आयसेनहॉवरने हवामानावर लावलेला डाव त्यात हमखास असतो. डाव खरा, पण तीनच दिवसांतला. १९४४ च्या जूनमध्ये आधी ५, ६ आणि ७ एवढ्याच तारखा हाताशी होत्या, आणि त्या नेमून दिल्या होत्या ओहोटीने.

जर्मन सेनापती रोमेलने किनाऱ्यावर लाकडी खांब, पोलादी अडथळे आणि सुरुंग पेरले होते, भरतीत बुडून दिसेनासे होतील अशा बेताने. म्हणून दोस्तांना उतरायचं होतं ओहोटी संपून पाणी चढू लागताना. तेव्हा अडथळे उघडे असतात आणि वाळूत टेकलेली होडी चढत्या पाण्यात सुटते. वेळ उजाडल्यानंतरची हवी, म्हणजे तोफांना नेम धरता येईल. शिवाय आदल्या रात्री छत्रीधारी सैनिकांसाठी चांदणं हवं.

पौर्णिमा-अमावास्येची भरती एखाद्या बंदरात साधारण ठरावीक वेळीच येते. मुंबईत ती दुपारी बारा-एकच्या सुमारास, म्हणून तर पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांच्या यादीत दुपारच्या वेळा दिसतात. नॉर्मंडीत त्याच तिथींना पहाटे ओहोटी असते. अमावास्येलाही ती जुळते, पण चांदणं मिळत नाही.

पण नुसतं ‘पहाटे’ म्हणून भागत नाही, मिनिटं लागतात. समुद्राचा चढउतार ही अनेक लयींची बेरीज आहे. चंद्राची मुख्य लय १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची. दोन्ही जुळल्या की उधाण, एकमेकींविरुद्ध गेल्या की भांग, म्हणजे कमी चढउतार. चंद्र जवळ-लांब होतो त्याच्या लयी वेगळ्या. उथळ पाण्यात लाटेचा माथा तिच्या खोलगट भागापेक्षा वेगाने पुढे जातो, तिचा आकार बिघडतो, म्हणून ६ तास १२ मिनिटांचीही एक धरावी लागते. ऑक्टोबर १९४३ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या फार्क्वारसनने लिव्हरपूलजवळच्या भरती-ओहोटीतज्ज्ञ आर्थर डूडसनकडे अशा ११ लयींचे आकडे धाडले. गुप्ततेसाठी जागेचं नाव फक्त ‘पोझिशन झेड’.

डूडसनकडे ही बेरीज करणारी दोन यंत्रं होती. एकाच बॉम्बने दोन्ही जाऊ नयेत म्हणून ती एकमेकांपासून लांब ठेवलेली. प्रत्येक लयीची एक कप्पी, दात्यांच्या चाकांमुळे आपापल्या गतीने वरखाली होणारी. सगळ्या कप्प्यांना वळसे घालत जाणारी एकच तार, एक टोक पक्कं, दुसऱ्याला पेन. कप्पी एक सेंटिमीटर सरकली की तारेचं मोकळं टोक दोन सेंटिमीटर हलतं, आणि सगळ्या कप्प्यांची हालचाल त्या एकाच टोकाशी आपोआप गोळा होते. असंच एक यंत्र १८७९ मध्ये हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी लंडनमध्ये बनलं होतं. संगणकाआधीचं याहून देखणं गणित मला माहीत नाही.

(आता कोणी म्हणेल, चंद्र समुद्र हलवतो तर पौर्णिमेला माणसाच्या अंगातलं पाणी का नाही? कारण भरती नुसत्या ओढीने येत नाही, दोन टोकांच्या ओढीतल्या फरकाने येते. पृथ्वीच्या सुमारे १२,७४० किलोमीटर रुंदीत तो फरक पडतो, सहा फुटांच्या देहात नाही.)

युटा आणि ओमाहा या अमेरिकनांच्या किनाऱ्यांवर उतरण्याची वेळ ठरली सकाळी ६.३०. भरती पूर्वेकडे उशिरा पोचते, म्हणून ब्रिटिशांच्या गोल्ड आणि सोर्डवर ७.२५.

५ तारीख वादळी हवेने हुकली. ६ आणि ७ याही हुकल्या असत्या, तर पुढची जुळणारी ओहोटी १९ जूनच्या सुमारास होती, आणि १९ ते २२ जूनच्या वादळाने ओमाहासमोरचं कृत्रिम बंदर मोडून टाकलं. अमेरिकनांनी ते पुन्हा उभारलं नाही. सपाट तळाची जहाजं भरतीत आणून वाळूवर टेकवायची, ओहोटीत ट्रक थेट दारापर्यंत नेऊन रिकामी करायची आणि पुढच्या भरतीला सोडायची, असा माल उतरवणं त्यांनी चालू ठेवलं.