मिंट टाकलेलं मशीन घरी नेताय, मग हा कागद फेकू नका

लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकटची सिस्टिम) टाकून मशीन देताना आम्ही सगळं तोंडी सांगतोच, पण घरी पोचेपर्यंत निम्मं डोक्यातून जातं आणि रात्री साडेनऊला फोन येतो की अहो माझा सी ड्राइव्ह कुठं गेला. तुमची चूक नाही, दहा मिनिटांत कोण किती लक्षात ठेवणार. म्हणून हे लिहून दिलंय. भिंतीला चिकटवा, ड्रॉवरमध्ये टाका, पण ठेवा.

आधी हे का केलं ते थोडक्यात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो. इचलकरंजीत कारखान्याच्या ऑफिसात, ट्युशनमध्ये, घरात बघाल तिथं चौथ्या नाहीतर सहाव्या जनरेशनचा आय३ आहे, मशीन धडधाकट, बॉडीवर ओरखडा नाही, ते भंगारात कशाला घालायचं. तर तुमच्या मशीनवर आम्ही लिनक्स मिंट टाकलंय, २२ च्या सीरिजमधलं, ते उबुंटू २४.०४ वर बेतलेलं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट येणार. मिंटचे वेगवेगळे डेस्कटॉप असतात: रॅम ४ जीबी असेल तर हलका एक्सएफसीई, ८ किंवा जास्त असेल तर सिनॅमन. मिंटच का, तर पट्टी खाली, मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडं, विंडोजवरून आलेला माणूस बिचकत नाही. (त्याच्या प्रत्येक व्हर्जनला बाईचं नाव असतं आणि शेवटी आ येतो, विल्मा, झारा वगैरे, त्यामुळं 'झारा आहे' असं कुणी म्हटलं तर व्हायरस समजू नका.)

आणि एक खरं सांगतो, मशीन आता पळतंय त्यातलं निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी घातलेल्या वेगवान डिस्कचं आहे. जुन्या हार्डडिस्कवर मिंट टाकलं तरी ते कुंथतच चालतं, म्हणून एसएसडी न घालता नुसतं 'लिनक्स टाकून द्या' म्हणणाऱ्यांना आम्ही आधी समजावतो. मिंट फुकट आहे, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. पावतीवर आहेत ते एसएसडीचे आणि आमच्या वेळेचे.

सी ड्राइव्ह कुठं गेला?

गेला नाही, तो प्रकारच इथं नाही. तुमचं सगळं 'होम' मध्ये असतं, डेस्कटॉपवर घराचं चित्र आहे त्याच्यावर डबल क्लिक करा. आत 'जुना डेटा' नावाचा फोल्डर आहे, त्यात पूर्वीच्या सी आणि डी मधलं सगळं जसंच्या तसं ठेवलंय. पेन ड्राइव्ह लावला की डाव्या बाजूला दिसतो, काढताना त्याच्या शेजारचा बाण दाबा आणि मगच उपसा, कारण कॉपी झाली असं स्क्रीनवर दिसलं तरी आत लिहिणं कधीकधी चालू असतं, पाच सेकंद थांबल्यानं काही बिघडत नाही.

इथं फाइलच्या नावात लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. 'बिल' चा बी कॅपिटल केलात तर ती दुसरी फाइल झाली. एका काकांनी एकाच महिन्याची बिलं अशी दोन फाइलींत अर्धी अर्धी भरली होती आणि टोटल जमेना म्हणून मशीन घेऊन आले होते.

सॉफ्टवेअर टाकायचं तर इंटरनेटवरनं एक्सई (विंडोजची सेटअप फाइल) डाउनलोड करत बसू नका, ती इथं चालत नाही. मेनूत सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, मोबाइलच्या प्ले स्टोअरसारखं, तिथं शोधा. फ्लॅटपॅक (लागणारं सगळं सोबत घेऊन येणारा प्रकार) लिहिलेलं पहिल्यांदा टाकताना शेकडो एमबी खेचतं, घाबरू नका, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर टाकू नका. खाली उजवीकडं ढालीचं चित्र आहे ते अपडेटचं, आठवड्यातनं एकदा उघडा, इन्स्टॉल दाबा, पासवर्ड द्या, झालं. काम चालू असताना मधेच रिस्टार्ट मारत नाही, ही सवय लागली की परत जावंसं वाटत नाही.

पासवर्डवरनं आठवलं. ज्यांनी 'चालू केलं की थेट डेस्कटॉप यावा' असं करून घेतलंय त्यांना क्रोम उघडताना 'कीरिंग' का काहीतरी उघडायला सांगतो. तो हॅकर नाही. तुमचे साठवलेले पासवर्ड कुलपात असतात आणि लॉगिन न केल्यामुळं त्याला किल्ली मिळालेली नसते. लॉगिनचाच पासवर्ड द्या. रोज रोज नको असेल तर लॉगिनला पासवर्ड चालू करून घ्या.

मराठी टायपिंग

सगळ्यात जास्त फोन यावर येतात, म्हणून जरा सविस्तर.

तुमच्या मशीनवर मराठी चालू करून दिलंय. विंडोजचं चित्र असलेलं बटण दाबून ठेवून स्पेस मारलं की भाषा बदलते, खाली कोपऱ्यात दिसतं. दोन पद्धती टाकल्यात. एक इट्रान्स, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवरनं मराठी. पण हे मोबाइलसारखं अंदाज बांधत नाही, जे मारलं तेच उमटतं, कॅपिटल-स्मॉल पाळावं लागतं. 'मराठी' लिहायचं तर 'रा' ला कॅपिटल ए, 'ठ' ला कॅपिटल टी आणि स्मॉल एच, शेवटी कॅपिटल आय. पहिले दोन दिवस चिडचिड होते. दुसरी पद्धत इनस्क्रिप्ट, आणि आमचं प्रामाणिक मत विचाराल तर रोज एक पान जरी मराठी टाइप करत असाल तर हीच शिका. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, एकदा बोटांत बसलं की इंग्रजीपेक्षा भराभर होतं. ज्या 'दऱ्या' आणि 'सुऱ्या' वर सगळे अडतात ते इथं सोपं आहे: शिफ्ट धरून इंग्रजी J चं बटण दाबा म्हणजे खाली टिंब असलेला र येतो, मग D दाबा म्हणजे पाय मोडतो, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावर शिफ्ट न धरता बोट ठेवा म्हणजे य. आली 'ऱ्य'. साधा र घेतलात तर 'दर्या' होईल, तो समुद्र.

ल हिंदी वळणाचा, दांडीचा दिसतोय, आपला पाकळीचा दिसत नाही, अशी तक्रार एका शिक्षिकाबाईंनी आणली होती, आणि बरोबरच होती. फॉन्ट तोच असतो, पण लिबरऑफिसला (मिंटमधला वर्डसारखा प्रोग्रॅम) ती भाषा हिंदी वाटत असते. मजकूर सिलेक्ट करा, भाषा मराठी करा, नोटो फॉन्ट असेल तर डोळ्यांदेखत ल बदलतो. आता देतानाच आम्ही ही सेटिंग मराठीवर करून देतो. बाईंनी मात्र सगळ्या प्रश्नपत्रिका पुन्हा प्रिंट केल्या.

आता जुन्या फायली. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख असल्या फॉन्टमध्ये केलेल्या पत्रिका, ठराव, अर्ज उघडले तर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. फाइल खराब झालेली नाही. ते फॉन्ट युनिकोडच्या (सगळीकडं चालणारी अक्षरांची एकच पद्धत) आधीचे, आत खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी मुखवटा घालतो. तुमच्याकडं तो फॉन्ट असेल तर त्या फाइलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल दाबा, जुनं वाचता येईल, प्रिंटही निघेल. पण नवीन काहीही त्यात लिहू नका. युनिकोडमध्ये लिहिलेलं व्हॉट्सॲपला जातं, ईमेलला जातं, शोधता येतं. जुनं महत्त्वाचं असेल तर आणा, युनिकोडमध्ये बदलून देतो, पण नंतर एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं, जोडाक्षरं कुठंतरी दगा देतातच.

वर्डच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो नावाचा फॉन्ट लागतो, मापाला सारखाच, त्यामुळं बायोडेटाच्या ओळी सहसा हलत नाहीत. सेव्ह करताना आपोआप डॉक्सएक्स (वर्डची फाइल) होईल असं लावून दिलंय, नाहीतर पलीकडच्याला तुमची फाइल कधीकधी नीट उघडत नाही आणि बोलणी तुम्हाला बसतात. सातबारा, आधारचं पीडीएफ वगैरे उघडतं. काही सरकारी भरायचे पीडीएफ फॉर्म मात्र नुसतं 'प्लीज वेट' दाखवून बसतात, ते अडोबीच्या रीडरलाच ओळखतात आणि तो रीडर आता लिनक्सवर मिळत नाही. तसला फॉर्म आला तर दुकानात या, आमच्या विंडोजवर भरून घ्या.

आपल्या मनासारखं करून घ्या

हे मशीन तुमचं आहे, भिऊ नका, उलटं-पालटं करा. खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून तिची उंची वाढवता येते. आई-वडिलांसाठी असेल तर सिनॅमनच्या सेटिंगमध्ये फॉन्टच्या पानावर अक्षरांचं प्रमाण १.२ किंवा १.३ करा आणि माउसचा बाण मोठा करा, एवढ्या दोन गोष्टींनी चष्मा शोधायचं काम निम्मं कमी होतं. घड्याळावर राइट क्लिक करून वार आणि तारीख दिसेल असं करता येतं. मेनूत रोजचे चार प्रोग्रॅम फेव्हरिटमध्ये टाका, बाकीचे तिकडं पडू द्यात. थीम पण बदला, रंग बदला, पण इंटरनेटवरच्या चाळीस थीम आणि डेस्कटॉपवर नाचणारी हवामानाची खेळणी एकदम टाकू नका. कॉलेजची पोरं हमखास हे करतात, मग मशीन स्लो झालं म्हणून येतात, आम्ही सगळं काढतो आणि पैसे घेतो.

'लिहिता लिहिता विंडोच गायब झाली' हा फोन महिन्यातनं दोनदा तरी येतो. कंट्रोल, ऑल्ट आणि बाण चुकून दाबला गेलेला असतो, तुम्ही शेजारच्या रिकाम्या डेस्कटॉपवर गेलेला असता. सिनॅमनमध्ये कंट्रोल-ऑल्ट धरून वरचा बाण मारा, सगळे डेस्कटॉप शेजारी शेजारी दिसतील, तुमची विंडो तिथंच असते. आणि स्क्रीन अडली, पट्टी दिसेना, मेनू उघडेना असं झालं तर मेन स्विच बंद करायच्या आधी सिनॅमनमध्ये (एक्सएफसीईत नाही) कंट्रोल-ऑल्ट-एस्केप मारून बघा, फक्त वरचा पडदा नव्यानं उभा राहतो, उघडी कामं तशीच राहतात.

ज्यांनी विंडोजही ठेवलंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आम्ही बंद केलंय, ते परत चालू करू नका, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि मिंटमधनं डिस्कच्या विंडोजवाल्या भागावर काही लिहिता येत नाही. दुसरं, मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागं दिसायचं, कारण मिंट आतल्या बॅटरीच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारताची समजतं. ते एका कमांडनं सरळ करून दिलंय. पुन्हा झालं तर सांगा, मदरबोर्डचा सेल बदलू नका, एकानं दोनदा बदलला होता बिचाऱ्यानं.

टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्रॅम लावलाय, अपडेटनंतर काही बिघडलं तर सिस्टिम कालच्या स्थितीत नेता येते. पण त्यात तुमचे फोटो आणि बिलं नसतात. नीट ऐका, नसतात. त्यांच्यासाठी बाहेरची डिस्क लागते आणि ती तुम्हालाच लावावी लागते.

कुणाला आम्ही नाही म्हणतो

टॅलीवर दिवसभर बसणाऱ्यांना, कोरलड्रॉमध्ये फ्लेक्सचं काम करणाऱ्यांना, टेंडर भरायला डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांना आम्ही मिंट टाकून देत नाही. काहीतरी जुगाड करून चालतंही कधीकधी, पण शेवटच्या तारखेला रात्री अकराला अडकलं तर शिव्या आम्हाला. व्हॅलोरंट खेळणाऱ्या चिरंजीवांनाही नाही, ते लिनक्सवर चालत नाही. प्रिंटरचं म्हणाल तर एचपीचे बहुतेक लावले की चालतात, काही जुने लेसर मात्र डोकं खातात, म्हणून प्रिंटर आधी घेऊन या, लावून बघू आणि मगच ठरवू.

आणि व्हायरस कमी म्हणून निर्धास्त राहू नका. बँकेतनं बोलतोय म्हणून कुणी फोनवरनं एखादं रिमोटचं ॲप टाकायला लावलं तर मिंट तुम्हाला वाचवणार नाही.

तुमची जुनी डिस्क

आमच्याच हातनं झालेली गोष्ट सांगतो. सुरुवातीला एका सूत व्यापाऱ्याचं मशीन केलं, डॉक्युमेंट, डेस्कटॉप, डाउनलोड सगळं कॉपी केलं, डिस्क पुसली. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांचं जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर डेटा थेट सी मध्ये एका भलत्याच नावाच्या फोल्डरात ठेवायचं, आणि तो आम्ही बघितलाच नव्हता. छापील बिलबुकं होती म्हणून वाचलो. आमचा पोरगा चार रात्री त्यांच्या पेढीवर बसून बिलं परत भरत होता, त्यांनी चहा पाजला, बोलले काही नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून जुनी डिस्क आम्ही पुसत नाही. काढून, तुमच्या पावतीचा नंबर चिकटवून, कपाटात दोन महिने ठेवतो. तोवर 'जुना डेटा' फोल्डर उघडून बसा, बिलं, लग्नाचे फोटो, मुलांची सर्टिफिकेटं, एकेक बघून घ्या. काही कमी दिसलं तर पावती घेऊन या, तुमच्यासमोर डिस्क लावून शोधू. सगळं असलं तरी या, डिस्क घेऊन जा, तिला यूएसबीचं खोकं घालून बॅकअपसाठी वापरता येते.